ऑनलाइन कोर्स शिकवणाऱ्यांनो, कोणती साधनं वापरता आणि कशासाठी?

शाईदौत :

ऑनलाइन शिकवायला सुरुवात करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणतं ॲप घेऊ?’ असा. याद्या ढिगाने मिळतात, पण वाचून हाती फारसं लागत नाही, कारण यादीत साधन असतं, काम नसतं. म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही काय वापरता ते सांगाच, पण कशासाठी वापरता आणि त्यापायी काय सोडून दिलंत तेही लिहा.

सुरुवात मीच करते. मी लेखन शिकवते, नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना. माझं मत आता पक्कं झालंय की ऑनलाइन कोर्स थेट तासावर उभा राहत नाही, दोन तासांच्या मधल्या दिवसांवर उभा राहतो. त्या दिवसांत विद्यार्थ्याने काय करायचं, केलेलं कोण बघणार, उत्तर कधी मिळणार, एवढं आधी कागदावर लिहून काढावं. साधन त्यानंतर शोधावं.

माझ्या कोर्सचा कणा म्हणजे मूडल या कोर्स चालवण्याच्या प्रणालीतला फोरम (चर्चेची जागा), त्यातही ‘क्वेश्चन अँड आन्सर’ प्रकारचा. यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. टाकल्यावरही लगेच नाही. ते दुरुस्त करायची मुदत (मूळ सेटिंग ३० मिनिटांचं) उलटली की मगच पडदा उघडतो. मी एक उतारा देते आणि त्यातलं एखादं वाक्य लेखकाने तिथेच का ठेवलं असेल, असं विचारते. साध्या फोरमवर पहिली दोन चांगली उत्तरं आली की बाकीचे ‘सहमत’ लिहून मोकळे होतात. इथे प्रत्येकाला आपल्या डोक्याने काहीतरी मांडावंच लागतं, आणि नंतर इतरांचं वाचताना ‘अरे, हे मला दिसलंच नव्हतं’ असं मनापासून वाटतं. चर्चा खरी तिथून सुरू होते.

दुसरं, मूडलमधलीच ‘वर्कशॉप’ नावाची सोय. विद्यार्थी एकमेकांचं लेखन तपासतात, निकष मी ठरवते. दुसऱ्याचा लेख निकष लावून वाचला की स्वतःच्या लेखातल्या उणिवा फार लवकर दिसू लागतात.

थेट तास मी मुद्दाम लहान ठेवले आहेत. त्यात व्याख्यान नसतं, फक्त आलेल्या लेखनावर बोलणं.

मुक्तछंद :

चांगला धागा. मी शिकवतही नाही असं नाही, पण माझं मुख्य काम हे सगळं चालतं ठेवण्याचं आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मूडल २००२ साली आलं, मार्टिन डुगियामास यांनी बनवलं. मुक्तस्रोत आहे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि परवान्यासाठी पैसे पडत नाहीत. पण सर्व्हर, सुरक्षा अपडेट, बॅकअप, मध्यरात्री भरलेली डिस्क, हे सगळं कोणीतरी बघावं लागतं. संस्थेत असा माणूस असेल तर मूडलसारखं दुसरं काही नाही. एकट्या शिक्षकाने लहान गटासाठी स्वतः बसवायच्या भानगडीत पडू नये, असं मी स्पष्ट सांगतो. गूगल क्लासरूम त्या मानाने फार साधं आहे. काम द्या, गोळा करा, शेरा लिहून परत करा. त्यात वर्कशॉप नाही, मूडलसारखा फोरम नाही. पण ज्याला तेवढंच हवंय त्याचं काम ते नीट करतं.

माझा खरा आग्रह वेगळा आहे. साधन घेताना ‘आत कसं जायचं’ याआधी ‘बाहेर कसं पडायचं’ ते बघा. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा किती शिक्षक रोज वापरत होते! तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. साधनं बंद होतात, विकली जातात, फुकटची मर्यादा एका रात्रीत आवळली जाते. म्हणून प्रश्न, धडे, गुण यांची प्रत उघड्या स्वरूपात आपल्याकडे हवी. मूडलचा अख्खा कोर्स एका बॅकअप फाइलमध्ये उतरवता येतो आणि दुसऱ्या मूडलवर चढवता येतो. ज्या सेवेत ‘एक्स्पोर्ट’ नावाचं बटणच नाही, तिथे वर्षभराची मेहनत ठेवू नका.

नवी_पाटी :

वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न. माझ्याकडे संस्था नाही, सर्व्हर नाही. लहान गट आहे, विज्ञान शिकवते, बरेच विद्यार्थी मोबाइलवरूनच बघतात आणि काहींचं नेट सतत तुटतं. अशा वेळी सुरुवात कुठून करावी? सगळं वाचून आणखीच गोंधळ उडतोय.

खर्ज :

नवी_पाटी, सुरुवात आवाजापासून करा. हे मी संगीत शिकवतो म्हणून म्हणत नाही. चित्र अंधूक असलं तरी माणूस ऐकत राहतो, आवाज फाटला की दोन मिनिटांत उठून जातो.

आधी हिशोब बघा. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, एमपी३ तासाला साधारण २९ एमबी होतो. १ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी. पंधरा पटींहून जास्त फरक! ज्यांचं नेट तुटतं त्यांना प्रत्येक धड्याची ऑडिओ फाइल आणि दोन पानांची टिपणं वेगळी द्या. तास चुकला तरी धडा चुकत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी पुरेशी आहे, मोफत आणि मुक्तस्रोत. एक सवय लावून घ्या. बोलायला सुरुवात करण्याआधी चार-पाच सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज मुद्रित करायचा. नंतर तेवढाच तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग सगळा ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा लावायचा. पंख्याची घरघर निघून जाते. मात्र जोर कमी ठेवा. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. बोलताना पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिली की फाटण्याची भीती नाही. आणि माइक तोंडाजवळ. लॅपटॉपच्या माइकपेक्षा इअरफोनचा साधा माइकही बरा, कारण तो खोली कमी पकडतो.

संगीतवाल्यांसाठी दोन गोष्टी. बैठकीच्या सॉफ्टवेअरमधलं गोंगाट काढणारं यंत्र सलग सुराला गोंगाट समजतं आणि हळूहळू गिळून टाकतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय आहे, ती दोन्ही बाजूंनी चालू करावी लागते. दुसरं, अशा बैठकीत नेटवर एकत्र गाता येत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ लयीच्या आड येतोच, नेट कितीही वेगवान असलं तरी. म्हणून मी ते सोडूनच दिलं. विद्यार्थी घरी मुद्रण करून पाठवतात, मी त्या फाइलवर बोलून प्रतिक्रिया मुद्रित करतो, ‘अमुक सेकंदाला गंधार चढतोय’ असं नेमकं दाखवत. समोरासमोरच्या वर्गात विद्यार्थ्याला स्वतःचा आवाज इतक्या वेळा ऐकायची संधी मिळत नाही. ऑनलाइन शिकवण्यात मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

वाटसरू७ :

खर्ज यांना +१.

व्हिडिओच्या लांबीबद्दल एक अभ्यास सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ जास्तीत जास्त ६ मिनिटांच्या आसपास निघाला. शिवाय महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून केलेलं साधं मुद्रण लोक जास्त वेळ बघत होते. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेलं जास्त चाललं. आणि वर्गातलं जुनं व्याख्यान कापून तुकडे केले तरी ते फारसं बघितलं जात नव्हतं.

यावरून नव्या लोकांनी धीर घ्यावा. कॅमेरा, दिवे, हिरवा पडदा यांच्यामागे लागायची गरज नाही. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे, स्क्रीन आणि आपला चेहरा एकत्र मुद्रित होतो, एवढ्यावर काम भागतं.

त्रिज्या :

वाटसरू, अभ्यास महत्त्वाचा आहेच, पण त्यात मोजलंय ते बघणं, शिकणं नव्हे. सहा मिनिटं व्हिडिओ बघून काहीच न कळलेले विद्यार्थी मी खूप पाहिलेत. त्यामुळे ‘व्हिडिओ सहा मिनिटांचे करा’ हा त्यातून काढलेला नियम मला अपुरा वाटतो. दर सहा मिनिटांनी विद्यार्थ्याला काहीतरी करायला लावा, असं मी म्हणेन.

करायला लावण्याचा फायदा किती, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणजे ‘आत्ता कळल्यासारखं वाटणं’ शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही फसवतं. ऑनलाइनमध्ये तर जास्तच, कारण समोरचे चेहरे नीट दिसत नाहीत.

म्हणून माझं सगळ्यात आवडतं साधन प्रश्नांचं आहे. गणिताच्या शिक्षकांनी ‘स्टॅक’ जरूर बघावं. मूडलमध्ये बसतं, मुक्तस्रोत आहे, आणि आतून मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली वापरतं. समजा उत्तर (क्ष + १)² आहे. विद्यार्थ्याने क्ष² + २क्ष + १ लिहिलं तरी ते समान आहे हे त्याला कळतं. आणि तुम्ही ‘अवयव पाडा’ असं विचारलं असेल, तर ‘किंमत बरोबर आहे, पण अवयव पाडलेले नाहीत’ असंही ते सांगू शकतं. त्याहून पुढे, नेहमीच्या चुका आधीच ओळखून ठेवता येतात. क्ष² + १ असं उत्तर आलं तर ‘मधलं पद कुठे गेलं ते विस्तार करून बघा’ ही सूचना त्याच क्षणी दिसते. प्रत्येकाला आकडे वेगळे, त्यामुळे उत्तर उतरवून घेण्यातही अर्थ राहत नाही. प्रश्न बनवायला वेळ खूप जातो, एकेका प्रश्नाला अख्खी दुपार. पण मग तो वर्षानुवर्षं चालतो, आणि रात्री अकराला गणित सोडवत बसलेल्या मुलीला चूक तिथल्या तिथे कळते. मी तिथे असू शकत नाही, माझी सूचना असते.

आलेख आणि भूमिती हलवून बघायच्या जिओजेब्रा या साधनाबद्दल थोडक्यात. स्लायडर फिरवायला देण्याआधी अंदाज लिहून घ्या. य = अ × क्ष² मध्ये अ ऋण केला तर वक्राचं काय होईल, ते आधी चित्र काढून दाखवायचं, मग फिरवायचं. नाहीतर विद्यार्थी रंगीत वक्र हलताना बघतात आणि पुढे जातात. विज्ञानासाठी फेट या सिम्युलेशनांचंही तेच. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे, नवी_पाटी यांनी आवर्जून बघावा. बरीच सिम्युलेशनं एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात.

अनुस्वार :

एक बाजू राहून जाते आहे, ती मला फार जवळची आहे. आपला मजकूर सगळ्यांना वाचता येतो का?

मराठीत अजूनही कितीतरी टिपणं जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान संगणकी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केलेली असतात. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरं असतात. शोधता येत नाही, नकलता येत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर निरर्थक आवाज पडतात. मोबाइलने फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर वाचण्यासारखं काहीच नसतं. तपासायची सोपी रीत अशी. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, साध्या मजकूर फाइलमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर फाइल चांगली. खात्रीच करायची असेल तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवून आपलंच टिपण डोळे मिटून ऐका.

रंगांचंही बघा. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका फरक मागितला आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी किंवा पिवळं लिहिलेल्या सुंदर स्लाइड त्यात नापास होतात, आणि उन्हात मोबाइल धरून बघणाऱ्या प्रत्येकालाच त्या दिसत नाहीत.

व्हिडिओला मथळे (सबटायटल) द्यायला आता बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं व्हिस्पर आहे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने २०२२ मध्ये मुक्त केलेलं हे मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालतं आणि मराठीही ओळखतं. चुका भरपूर करतं, विशेषतः पारिभाषिक शब्दांत, त्यामुळे ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. तरी कोऱ्या पानापासून टाइप करण्यापेक्षा पुष्कळ वेळ वाचतो. या मथळ्यांचाच मजकूर खर्ज म्हणतात त्या दोन पानी टिपणांसाठी वापरता येतो.

शाईदौत :

अनुस्वार, पीडीएफची ही चाचणी मी आजच माझ्या सगळ्या फाइलींवर करणार आहे. मनापासून आभार.

दुसऱ्यांचं साहित्य वापरण्याबद्दल थोडं. मुक्त शैक्षणिक साहित्य विपुल आहे. एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांना मोफत देणाऱ्या ओपनकोर्सवेअरची घोषणा २००१ मध्येच केली होती. पण परवाना वाचून घ्या, विशेषतः मराठीत आणायचं असेल तर. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (साहित्य खुलं करण्याच्या तयार परवान्यांपैकी एका) परवान्यात ‘नो डेरिव्हेटिव्हज’ असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही, कारण भाषांतर हे रूपांतरच धरलं जातं. ‘शेअर अलाइक’ असेल तर तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवावं लागतं. आणि ‘नॉन कमर्शिअल’ असलेलं साहित्य सशुल्क कोर्समध्ये घालण्याआधी थांबा, निर्मात्याला विचारा. पुष्कळदा परवानगी आनंदाने मिळते.

पहाटवारा :

सगळं पटलं. पण खरा पेच कोणी काढला नाही. विद्यार्थी चॅटजीपीटीकडून उत्तरं लिहून आणतात, त्याचं काय? यंत्राने लिहिलेलं ओळखायची साधनं वापरता का कोणी?

शाईदौत :

नाही, आणि वापरणारही नाही. ओपनएआयने स्वतः काढलेलं ओळखण्याचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध अशी साधनं यंत्राचे म्हणून दाखवत होती. असल्या पुराव्यावर मी कोणा विद्यार्थ्यावर आरोप करणार नाही. प्रामाणिक माणसावर एकदा संशय घेतला की तो पुन्हा मोकळेपणाने लिहीत नाही.

मी कामाची घडण बदलली. अंतिम लेखाला कमी गुण, त्याच्या वाटेला जास्त. पहिला मसुदा, त्यावर दोन सहाध्यायांच्या सूचना, त्यातली कोणती घेतली आणि कोणती का नाकारली याचं टिपण, मग दुसरा मसुदा. शेवटी दहा मिनिटं माझ्याशी बोलणं, लेख समोर ठेवून. ‘हा परिच्छेद इथे का?’ एवढं विचारलं तरी ज्याने लिहिलंय तो भरभरून बोलतो. मोठ्या वर्गाला हे झेपणार नाही, हे मान्य. तिथे मी निदान टिपण आणि दोन मसुदे सोडणार नाही.

त्रिज्या :

गणितातही तसंच. मी आता उत्तराऐवजी एक चुकीची सोडवणूक देते आणि कुठे चुकलं ते स्वतःच्या आवाजात, दोन मिनिटांत समजावून पाठवायला सांगते. कॅमेऱ्याची सक्ती करत नाही. काहींचं नेट पुरत नाही, काहींना घर दाखवायचं नसतं, आणि दोन्ही कारणं विचारायचा मला अधिकार नाही. आवाज आणि वहीच्या पानाचा फोटो पुरतो.

नवी_पाटी :

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी असं ठरवते आहे : गूगल क्लासरूम, दर धड्याला लहान ऑडिओ आणि टिपणं, एक फेटचं सिम्युलेशन अंदाज लिहून घेऊन, आणि आठवड्याने पुन्हा पाच प्रश्न, मागच्या धड्यावरचे. व्हिडिओ अगदी मोजके. प्रश्नांचा साठा मात्र आत्तापासून असा ठेवायचाय की पुढे मूडलवर गेले तर पुन्हा टाइप करावं लागू नये. ते कसं करू?

मुक्तछंद :

योजना उत्तम आहे, याहून जास्त साधनं आत्ता घेऊच नका. प्रश्न गिफ्ट या स्वरूपात साध्या मजकूर फाइलमध्ये लिहीत जा. मूडल ते थेट वाचतं आणि मोबाइलवरही लिहिता येतं. असं :

::बाष्पीभवन:: उकळण्याआधी पाण्याची वाफ होते का? {
=हो, पृष्ठभागावरून सतत होते #बरोबर. म्हणून ओले कपडे सावलीतही वाळतात.
~नाही, उत्कलनबिंदू गाठल्यावरच होते #उकळणं आणि बाष्पीभवन वेगळं. सावलीत कपडे कसे वाळतात?
}

बरोबर उत्तराआधी =, चुकीच्या आधी ~, आणि # नंतर त्या उत्तरासाठीची सूचना. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ कोरी सोडायची. मजकुरातच =, ~, #, कोलन किंवा महिरपी कंस आला तर त्याआधी उलटी तिरपी रेघ (\) द्यायची. सूचना लिहायचा कंटाळा करू नका, त्रिज्या सांगताहेत ती सगळी किमया त्या # नंतरच्या वाक्यात आहे. आणि फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर चढवल्यावर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. पहिले दहा-बारा प्रश्न झाले की इथे टाका, मी मूडलवर चढवून बघतो आणि काही अडलं तर कळवतो.